सीड सेम, तरी आर, पायथन आणि जावास्क्रिप्टमध्ये रँडम नंबर वेगळे का? जुळवायचे कसे?

पावसाळी_कोडर

नमस्कार मंडळी, डोकं पिकलंय म्हणून शेवटी इथे विचारतोय. आमच्याकडे धरणाच्या साठ्याचं एक जुनं सिम्युलेशन आहे, आरमध्ये लिहिलेलं, ज्यांनी लिहिलं ते सर रिटायर होऊन गेले. आज पाऊस पडणार का हे काल पडला होता की नाही त्यावरून ठरतं, आणि पडला तर किती मिलिमीटर ते गॅमा डिस्ट्रिब्युशनमधून उचलतात, असे हजार पावसाळे चालवायचे आणि ३० सप्टेंबरला धरण किती भरलेलं असेल ते बघायचं, एवढंच काम. आता हे सगळं पायथनमध्ये न्यायचंय आणि वर ब्राउझरमध्ये चालणारा एक डेमो पण पाहिजे, म्हणजे जावास्क्रिप्ट आलंच. साहेबांची अट एकच, जुन्या आणि नव्या कोडचं उत्तर तंतोतंत जुळलं पाहिजे, "सीड सेम ठेव की, मग नंबर सेमच येणार ना!" (सीड म्हणजे रँडम नंबरांची ओळ ज्या आकड्यापासून सुरू होते तो.)

सीड ४२ ठेवून ० ते १ मधला पहिला नंबर काढून बघितला. आरच्या रनिफने दिला ०.९१४८०६०. पायथनच्या साध्या रँडम मॉड्यूलने ०.६३९४२६८. नमपायच्या (पायथनची आकडेमोडीची लायब्ररी) जुन्या पद्धतीने ०.३७४५४०१ आणि नमपायच्याच नव्या डिफॉल्ट_आरएनजीने ०.७७३९५६०. चार दुकानं चार भाव! जावास्क्रिप्टच्या मॅथ.रँडमला तर सीडच देता येत नाही. आर, पायथन आणि जुनं नमपाय तिघांच्या डॉक्युमेंटेशनमध्ये मर्सेन ट्विस्टर ही रँडम नंबर बनवायची पद्धत लिहिलीय, मग घोळ नक्की कुठे होतोय?

जुना_आरवाला

साहेबांचं अर्धं बरोबर आहे. सेम सीडला सेम नंबर येतात, पण सेम भाषेत, सेम फंक्शनमधून, आणि कधीकधी सेम व्हर्जनवरच.

मर्सेन ट्विस्टर तिघांत एकच आहे, मात्सुमोतो आणि निशिमुरा यांचं एमटी१९९३७, पेपर १९९८ चा. पण त्याच्या पोटात ३२ बिटचे ६२४ आकडे असतात आणि तुझा तो बिचारा एकटा ४२ त्या ६२४ खणांत कसा पसरवायचा हे ज्याने त्याने आपापलं ठरवलंय. जुनं नमपाय मूळ लेखकांच्या २००२ च्या कोडमधली साधी पद्धत वापरतं, १८१२४३३२५३ ने गुणत जाणारी. पायथनचं रँडम मॉड्यूल त्याच कोडमधली दुसरी पद्धत वापरतं, ॲरेवाली, म्हणजे ४२ हा एकच आकडा असलेली ॲरे आहे असं समजून. आणि आरचं तिसरंच, ते ४२ ला ६९०६९ ने गुणून १ मिळवतं, असं ५० वेळा नुसतं घुसळतं, मग त्याच सूत्राने आणखी ६२५ आकडे काढतं, त्यातल्या पहिल्याच्या जागी 'आपण कितव्या खणावर आहोत' ही नोंद बसते आणि उरलेले ६२४ खणांत जातात. हे सगळं २ च्या ३२ व्या घाताच्या मॉड्युलोत, म्हणजे त्याने भागून उरलेली बाकी घेत. नमपायची नवी डिफॉल्ट_आरएनजी तर मर्सेन ट्विस्टर वापरतच नाही, १.१७ पासून तिथे पीसीजी६४ ही वेगळीच पद्धत आहे, तिला या हिशोबातून बाजूलाच ठेव.

दुसरी भानगड बिटांची. पायथन आणि नमपाय एका दशांश नंबरासाठी दोन ३२ बिटचे आकडे खर्च करतात, पहिल्याचे वरचे २७ बिट आणि दुसऱ्याचे वरचे २६, मिळून ५३. आर एकच आकडा घेऊन २ च्या ३२ व्या घाताने भागून मोकळं होतं, फक्त उत्तर बरोब्बर ० किंवा १ येऊ नये एवढी काळजी घेतं. म्हणजे समज तू दोघांच्या पोटातले ६२४ आकडे अगदी सारखे करून ठेवलेस, तरी आरचा दुसरा नंबर निघेल तेव्हा पायथनचा अजून पहिलाच पूर्ण होत असेल.

आता उपाय, पायथनपुरता. आरमध्ये सेट.सीड ४२ करून लगेच .रँडम.सीड प्रिंट कर. ६२६ पूर्णांक दिसतील. पहिला १०४०३, तो नुसता कोड आहे कुठल्या पद्धती चालू आहेत त्याचा (३.६ च्या आधीचं आर असेल तर तिथे ४०३ दिसेल), दुसरा ६२४, आणि पुढचे ६२४ म्हणजे ते खण. त्यातले बरेच निगेटिव्ह दिसतील कारण आर त्यांना साइन्ड समजतं, निगेटिव्ह असेल त्यात ४२९४९६७२९६ मिळव. मग पायथनच्या सेटस्टेटला तीन गोष्टींचं टपल दे, पहिली ३, दुसरी ते ६२४ आकडे आणि शेवटी परत ६२४, तिसरी नन. यानंतर रँडम फंक्शनला हात लावायचा नाही, गेटरँडबिट्सला ३२ सांगायचं आणि आलेला आकडा ४२९४९६७२९६ ने भागायचा. ०.९१४८०६०, ०.९३७०७५४, ०.२८६१३९५ असे ओळीने आले की समज बसलं.

पावसाळी_कोडर

बसलं!! दादा काय सांगू, पहिले दहा हजार नंबर जुळले, एकही फरक नाही. पाऊस पडणार की नाही हा भाग पण जुळतोय, पण पहिला पावसाचा दिवस आला, गॅमामधून मिलिमीटर काढले की तिथून पुढे सगळं वेगळं, मग पाऊस पडायचे दिवससुद्धा वेगळे. आरगॅमाला नमपायमध्ये पर्याय काय द्यायचा?

निळी_शाई

पर्याय नाही, आणि शोधत पण बसू नकोस. आरची आरगॅमा अहरेन्स आणि डिटर यांच्या पद्धती वापरते, शेप (गॅमाचा आकार ठरवणारा आकडा) १ पेक्षा कमी असेल तर १९७४ ची, नाहीतर १९८२ ची. नमपाय शेप १ च्या वर असेल तर मार्साग्लिया आणि त्सांग यांची वापरतं आणि खाली असेल तर वेगळीच वाट धरतं. या सगळ्या 'काढा, बघा, नाही पटला तर टाका, परत काढा' प्रकारच्या आहेत, म्हणजे एका पावसासाठी कधी दोन युनिफॉर्म (० ते १ मधले साधे) नंबर खर्च होतात कधी पाच. मग मागून येणारा प्रत्येक दिवस सरकतो. तुझे पावसाचे दिवस बदलले ते त्यामुळेच.

आणि गॅमा तरी अवघड गोष्ट आहे, आरची साधी एक्स्पोनेन्शियल पण 'मायनस लॉग यू' नाहीये, तिथेही अहरेन्स-डिटरच, १९७२ ची. नॉर्मलचं म्हणशील तर आर डिफॉल्टने इन्व्हर्जन करतं पण एका नॉर्मलसाठी दोन युनिफॉर्म वापरून, पहिल्याला २ च्या २७ व्या घाताने गुणून पूर्णांक घेतं आणि त्यात दुसरा मिळवतं. नमपायची जुनी पद्धत पोलर, नवी झिगुरात. हे सगळं वाचून कुणी नवीन भाषेत हुबेहूब उतरवेलही, पण मग तुझ्या कोडमध्ये कुठल्यातरी भाषेच्या पोटातलं २० वर्षांपूर्वीचं लॉजिक कायमचं येऊन बसणार आणि पुढच्या माणसाला कळणार नाही हे असं का लिहिलंय.

त्यापेक्षा नियम कर, लायब्ररीकडून फक्त युनिफॉर्म घ्यायचा, बाकी सगळं आपण स्वतः त्या युनिफॉर्मपासून बनवायचं, एका पावसाला एकच युनिफॉर्म. आरमध्ये आरगॅमा काढून तिथे क्यूगॅमाला (० ते १ मधल्या नंबरावरून गॅमामधली किंमत देणारं फंक्शन) रनिफ दे, पायथनमध्ये तेच काम करणारं सायपाय लायब्ररीतल्या गॅमाचं पीपीएफ. शेवटच्या काही अंकांत फरक राहील पण सरकणार काही नाही. पाऊस ठरवायचे नंबर आणि किती मिलिमीटर त्याचे नंबर वेगवेगळ्या सीडच्या वेगवेगळ्या ओळींतून घेतलेस तर अजून बरं, उद्या कुणी मॉडेलमध्ये बाष्पीभवन घुसवलं तरी पावसाचे दिवस जागचे हलणार नाहीत.

अजून एक, मॅट्रिक्स भरताना बघ. आर आणि मॅटलॅब उभ्या कॉलममधून भरत खाली जातात, नमपाय आडव्या ओळीत. मॅटलॅबचा डिफॉल्ट पहिला नंबर ०.८१४७ हा नमपायच्या जुन्या पद्धतीला सीड ५४८९ दिला की येतो, दोघं युनिफॉर्मपुरते खरंच एक आहेत, पण लोक तीन बाय तीनचं मॅट्रिक्स काढून बघतात, फक्त कर्णावरचे तीन आकडे जुळतात आणि बाकीचे जागेवर नाहीत, की 'जुळत नाही' म्हणून सोडून देतात. ट्रान्सपोज केलं की झालं.

शंकेखोर

मला मुळात हा खटाटोपच पटत नाहीये. रँडम सिम्युलेशन आहे ना? मग हजार पावसाळ्यांची सरासरी, १० टक्के आणि ९० टक्क्याचा साठा, हे दोन्हीकडे काढा, त्यांच्या एररच्या मर्यादेत जुळले की कोड बरोबर. एकच सीड जुळवून काय सिद्ध होतं? जुन्या सरांच्या कोडमध्ये चूक असेल तर तीही तुम्ही तंतोतंत उतरवाल आणि वर म्हणाल बघा जुळतंय. आणि ज्या मॉडेलचं उत्तर सीड ४२ आहे का ४३ यावर बदलतं त्याचे हजार नाही, दहा हजार पावसाळे चालवायला पाहिजेत.

जुना_आरवाला

@शंकेखोर बरोबर आहे पण ते शेवटचं पाऊल झालं. पोर्ट करताना सरासरीत २ टक्के फरक आला तर तो नशिबाचा का कोडचा हे कळायला किती वेळ घालवशील? नंबर सेम असले की दोन्ही प्रोग्रामचा रोजचा साठा शेजारी शेजारी छापायचा आणि पहिला फरक ज्या दिवशी पडला त्या ओळीवर बोट ठेवायचं, बग तिथेच असतो. सांडव्यावरून पाणी सोडायची अट एका ठिकाणी 'पेक्षा जास्त' आणि दुसऱ्या ठिकाणी 'पेक्षा जास्त किंवा बरोबर', असल्या गोष्टी सरासरीत जन्मात दिसत नाहीत.

शंकेखोर

हे मान्य. पण मग निळी_शाई ताई म्हणतात तसं आरगॅमा काढून क्यूगॅमा टाकली की सरांचा मूळ कोड राहिलाच कुठे? साहेब म्हणणार जुन्या कोडशी जुळवा आणि तुम्ही जुळवणार बदललेल्या जुन्या कोडशी. म्हणजे दोन टप्पे आले. आधी आरमधला मूळ कोड आणि आरमधलाच बदललेला कोड, यांची तुलना माझ्या पद्धतीने, भरपूर सीड घेऊन, कारण इथे नंबर जुळणार नाहीतच. मग बदललेला आर आणि पायथन, हे तुमच्या पद्धतीने, दशांशापर्यंत. रिपोर्टमध्ये दोन्ही वेगवेगळे लिहा नाहीतर कुणीतरी नेमका हाच प्रश्न विचारेल.

सीप्लस_काका

उशिरा आलो. सी प्लस प्लसची गंमत माहीत असलेली बरी, पुढे स्पीडसाठी कुणीतरी तिकडे नेणारच. तिथे २०११ च्या स्टँडर्डमध्ये इंजिनं बिट-न्-बिट ठरवून दिलीत, पण डिस्ट्रिब्युशन्स नाही दिली. एमटी१९९३७ ला ४२ दिलं की कुठल्याही कंपायलरवर पहिला आकडा १६०८६३७५४२ आणि दुसरा ३४२११२६०६७ येणार म्हणजे येणारच. पण त्यावर स्टँडर्ड लायब्ररीचं नॉर्मल डिस्ट्रिब्युशन किंवा साधं १ ते ६ चं पूर्णांक डिस्ट्रिब्युशन लावलंस, की जीसीसीवर एक, मायक्रोसॉफ्टवर दुसरं, आणि दोघंही स्टँडर्डप्रमाणे बरोबर! शफलचं पण तेच.

आता ते १६०८६३७५४२ घे आणि २ च्या ३२ व्या घाताने भाग, ०.३७४५४०१ येतं. कुठे बघितलाय हा आकडा? तुझ्याच प्रश्नात, नमपायच्या जुन्या पद्धतीचा. म्हणजे नमपाय आणि सी प्लस प्लस आतून एकच ओळ चालवतायत, पायथनवाले फक्त दुसऱ्या आकड्याचे २६ बिट खाली चिकटवतात एवढंच. रुबी पण याच घरातली, सीड १२३४ दिलं की रुबी आणि जुनं नमपाय दोघं पहिला नंबर ०.१९१५१९४५०३७८८९२३ देतात.

म्हणून माझं मत, नवीन काम करतोयस तर आरची ती ५० वेळा घुसळणारी सीडिंग सगळीकडे ओढत नेऊ नकोस. उलट कर, साधी १८१२४३३२५३ वाली सीडिंग हीच पक्की धर, पायथनमध्ये आणि जावास्क्रिप्टमध्ये ती लिहून टाक, शंभरेक ओळी होतील जेमतेम, आणि आरला .रँडम.सीड बाहेरून भरव. आरमध्ये ते चालतं, फक्त २१४७४८३६४७ च्या वरचे आकडे निगेटिव्ह करून द्यावे लागतात आणि २१४७४८३६४८ हा एक आकडा अवघड जातो, तो आरमध्ये एनए मानला जातो. ६२४ मध्ये तो नेमका यायची शक्यता नगण्य आहे पण आला तर वेडा होशील म्हणून सांगून ठेवलं.

जावास्क्रिप्टमध्ये एका ठिकाणी हमखास फसतात. तिथे नंबर सगळे डबल (६४ बिटचे दशांश), म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंतच पूर्णांक अचूक. १८१२४३३२५३ ला ३२ बिटच्या आकड्याने गुणलं की ते त्याच्या कितीतरी वर जातं, खालचे बिट उडतात आणि आपल्याला तर खालचेच ३२ पाहिजे असतात. एरर येत नाही, काही नाही, रँडमच दिसणारे पण चुकीचे नंबर मिळतात. गुणायला मॅथ.इमुल वापर, आणि प्रत्येक पायरीनंतर तीन बाणांचं राइट शिफ्ट शून्याने करून निगेटिव्हचं पॉझिटिव्ह करून घे.

आणि चाचणी? स्टँडर्डमध्येच दिलेली आहे. सीड ५४८९, दहा हजारावा आकडा ४१२३६५९९९५. हा आला तर तुझं मर्सेन ट्विस्टर बरोबर, पुढचं बोल. पहिले पाच नंबर बघून समाधान मानू नकोस, पहिले ६२४ बरोबर येऊन मग बिघडलेली इम्प्लिमेंटेशन्स असतात.

पावसाळी_कोडर

काका हे भारी आहे. पण जावास्क्रिप्टमध्ये क्यूगॅमा कुठून आणू? सायपाय तिकडे नाही आणि कुठली तरी अनोळखी लायब्ररी घ्यायची भीती वाटते.

निळी_शाई

आणूच नकोस. आरमध्ये एकदाच क्यूगॅमाचं टेबल काढ, ० ते १ मध्ये हजारएक बिंदूंवर, फाइलमध्ये १७ अंकांपर्यंत लिही, आणि तिन्ही भाषांत तेच टेबल वाचून मधल्या किमती सरळ रेषेने काढ. बेरीज, वजाबाकी, गुणाकार आणि भागाकार तिन्हीकडे आयट्रिपलई ७५४ या ठरलेल्या मानकाच्या डबलमध्ये होतात, त्यामुळे सेम क्रमाने केलेस तर शेवटच्या बिटापर्यंत सेम येतात. लॉग, साइन, एक्स्पोनेन्शियल यांची तशी गॅरंटी नाही, प्रत्येक लायब्ररीत शेवटचा अंक हलू शकतो, आणि तेवढा एक अंक नेमका 'पेक्षा जास्त' च्या अटीवर बसला की दिवसच बदलतो. टेबल असलं की लॉगचा प्रश्नच मिटला.

फक्त वरच्या टोकाला टेबल दाट ठेव. ०.९९ च्या पुढे हजारातले दहाच बिंदू येतील आणि धरणासाठी तर तोच पाऊस महत्त्वाचा, ढगफुटीवाला. मी असते तर ०.९९ ते ०.९९९९९ साठी वेगळं बारीक टेबल केलं असतं, आणि त्याच्यावर कापलं असतं, कारण बरोब्बर १ ला गॅमाचं उत्तर अनंत येतं. कुठे कापलं ते रिपोर्टमध्ये लिहून टाक.

नागपुरी_लिनक्स

सगळे मर्सेन ट्विस्टरच्याच मागे काहून लागले? जावाचं नाव पण नाही कुणाच्या तोंडी. java.util वाली रँडम घ्या म्हणणार नाही, पण त्यांनी एक गोष्ट चांगली केली, अल्गोरिदमच डॉक्युमेंटेशनमध्ये लिहून ठेवला, ४८ बिटचं एलसीजी, २५२१४९०३९१७ ने गुणायचं आणि ११ मिळवायचे. त्यामुळे सीड ४२ चा पहिला नेक्स्टइंट कुठल्याही जावावर -११७०१०५०३५ च येते. उलट गो आणि रस्टवाल्यांनी सरळ सांगितलंय, डिफॉल्टवर विसंबू नका. रस्टचा स्टँडर्ड आरएनजी व्हर्जन बदलला की बदलू शकते, पक्का पाहिजे तर चाचा (ChaCha) ही पद्धत घ्या नावानिशी. ज्युलियाने १.७ मध्ये डिफॉल्ट मर्सेनवरून झोशिरो या दुसऱ्या पद्धतीवर नेला. आरने स्वतः ३.६.० मध्ये, २०१९ ला, सॅम्पल फंक्शन बदललं, म्हणून जुन्या नोट्समधले सेट.सीड आणि सॅम्पलचे आकडे आज जुळत नाहीत, तिथे सॅम्पल.काइंडला राउंडिंग सांगितलं की जुनं परत येते. 

आणि प्रत्येक वेळी दोष रँडमलाच देऊ नका. पायथनमध्ये स्ट्रिंगांचा सेट करून त्याच्यावर लूप फिरवला तर प्रत्येक रनला क्रम वेगळा, कारण ३.३ पासून स्ट्रिंगचा हॅशच दर वेळी बदलते. सीड ठेवून पण उत्तर हलते आणि माणूस रात्रभर सीड शोधत बसते. लूप लावायच्या आधी सॉर्ट करा, संपलं. गोच्या मॅपचं पण तेच.

हजार पावसाळे आठ कोअरवर वाटणार असाल तर फिलॉक्ससारखं काउंटरवालं बघा, २०११ च्या रँडम१२३ मधलं, त्यात सीड आणि 'पावसाळा क्रमांक ७३७, नंबर २१२' एवढं सांगितलं की थेट तोच नंबर मिळते, कोण आधी चाललं कोण नंतर याचा संबंध नाही. नमपायमध्ये आहे.

सेक्रेटरी_सी_विंग

तुमच्या चर्चेत घुसतोय, माफ करा. आमच्या सोसायटीत पार्किंगची चिठ्ठी काढायची आहे, ३८ फ्लॅट आणि २२ जागा. मागच्या वेळी चिठ्ठ्या डब्यातून काढल्या तर डबा कुणी हलवला यावरून भांडण. या वेळी कॉम्प्युटरवर काढू म्हणतो पण प्रत्येक सभासदाला घरी बसून पडताळता आलं पाहिजे, कुणाकडे एक्सेल, कुणाचा मुलगा पायथनवाला, एकजण सी शिकवतात. एवढं मर्सेन वगैरे आमच्याच्याने होणार नाही. काही सोपं आहे का?

सीप्लस_काका

आहे की. तुम्हाला पार्क-मिलरचं सूत्र बास, १९८८ चं, एका ओळीचं. आधीचा आकडा गुणिले १६८०७, त्याला २१४७४८३६४७ ने भागून बाकी घ्यायची, तीच पुढचा आकडा. गुणाकार जास्तीत जास्त ३६ लाख कोटींच्या आसपास जातो, त्यामुळे एक्सेल आणि जावास्क्रिप्टसुद्धा अचूक करतात. एक्सेलमध्ये ए१ मध्ये सीड, ए२ मध्ये मॉड फंक्शन, आणि खाली ओढत न्या. सीत करताना मात्र ६४ बिटचा पूर्णांक घ्यायला सांगा तुमच्या सरांना, साध्या इंटमध्ये ओव्हरफ्लो होईल, आणि सीचं रँड तर अजिबात नको, मायक्रोसॉफ्टवर ते ३२७६७ पर्यंतच जातं. पडताळणी अशी, सीड १ दिलं की दहा हजारावा आकडा १०४३६१८०६५ आला पाहिजे.

शफल वगैरे करू नका, प्रत्येकाचं शफल वेगळं. फ्लॅटची यादी आधी नोटीस बोर्डावर क्रमाने लावा, प्रत्येक फ्लॅटला ओळीने एक आकडा द्या, आणि लहान ते मोठा सॉर्ट करा, पहिले २२ जिंकले. या पद्धतीत दोन आकडे कधी सारखे येत नाहीत, त्यामुळे बरोबरी झाली तर काय हाही वाद नाही.

सेक्रेटरी_सी_विंग

आणि सीड कुणी सांगायचं? मी सांगितलं तर म्हणतील सेक्रेटरीने घरी शंभर सीड चालवून स्वतःला पार्किंग लागणारं निवडलं.

शंकेखोर

म्हणणारच, मीही म्हणालो असतो. यादी आणि पद्धत आज जाहीर करा, आणि सीड म्हणजे परवाच्या सेन्सेक्सचा बंद आकडा असं लिहून टाका. तो कुणाच्या हातात नाही आणि सगळ्यांना दिसतो.

निळी_शाई

थांबा, इथे एक खोच आहे. पार्क-मिलरला जवळजवळची सीड दिली की पहिले आकडे पण जवळजवळच येतात. समजा सेन्सेक्स ८०००० च्या आसपास आहे, तर ७९५०० ला बंद झाला तर पहिला आकडा २१४७४८३६४७ च्या ०.६२२ पट, ८०५०० ला झाला तर ०.६३० पट. म्हणजे हजार पॉइंट वरखाली झाला तरी यादीतल्या पहिल्या फ्लॅटला साधारण ०.६२ च मिळणार हे आजच सांगता येतं, आणि ३८ पैकी २२ लागणार म्हणजे सीमा ०.५८ च्या जवळपास, बिचाऱ्याचं पार्किंग सेन्सेक्स बंद व्हायच्या आधीच जवळजवळ गेलेलं. सीड ४२ घेऊन बघा, पहिला आकडा ७०५८९४, म्हणजे फक्त ०.०००३, हा माणूस हमखास पहिला. दुसऱ्या आकड्यापासून ठीक होतं, तिथे ०.५२४६ येतो. तरी पहिले २० आकडे सोडून एकविसाव्यापासून वाटायला सुरुवात करा, आणि हेही आधीच नोटिशीत लिहा, नंतर सोडले तर परत भांडण.

पावसाळी_कोडर

अपडेट: ५४८९ वाला दहा हजारावा आकडा पायथन आणि जावास्क्रिप्ट दोन्हीकडे बरोबर आला. जावास्क्रिप्टमध्ये आधी साध्या गुणाकाराने बघितलं तर काका म्हणाले तसंच चुकीचं येत होतं, इमुल टाकल्यावर बसलं. टेबल टाकून बदललेला आर आणि पायथन आता रोजच्या साठ्यापर्यंत जुळतात. शंकेखोर दादांचा पहिला टप्पा रात्री चालवायला लावतोय, ५०० सीड. एकच शंका, चाचणीत बरोबरीच तपासू का थोडी सूट ठेवू?

जुना_आरवाला

पूर्णांक आकडे, पाऊस पडला का नाही, सांडवा उघडला का, या सगळ्यांना बरोबरीच, सूट शून्य. मिलिमीटर आणि साठा पण टेबलवाल्या पद्धतीत बरोबर आले पाहिजेत, नाही आले तर बेरजेचा क्रम बघ, नमपायची सम लूपसारखी एकेक मिळवत जात नाही, तुकडे करून मिळवते, आणि आरची सम आत जास्त अचूकतेत बेरीज ठेवते. तिथे स्वतः लूप लिही नाहीतर नवव्या दशांशापर्यंत सूट दे. आणि पहिल्या दिवसाचे काही नंबर टेस्टमध्येच लिहून ठेव, उद्या कुणी नमपाय अपग्रेड केलं की तिथेच ओरडेल.

सेक्रेटरी_सी_विंग

नोटीस लावली. आता बी विंगचे काका विचारतात, सेन्सेक्सला दशांश असतात, ते घ्यायचे का? आणि पेपरात वेगळा छापला तर?

सीप्लस_काका

दशांश कापून टाका, राउंड करू नका, आणि आकडा बीएसईच्या वेबसाइटवरचा. दोन्ही वाक्यं नोटिशीत आत्ताच, बाजार बंद व्हायच्या आधी.